गजराचे एकतीस भाऊ

मच्छिंद्र वाघमारे बी. एस्सी. होऊन तीन वर्षं होत आली होती आणि या तीन वर्षांत अकरा कंपन्यांनी त्याला, "आपली निवड होऊ शकली नाही हे कळवण्यास खेद होतो," असं कळवलं होतं. पहिल्या पत्राला त्याला वाईट वाटलं. दुसऱ्याला राग आला. तिसऱ्यापासून पुढं काही होईनासं झालं. पोस्टमन आला की तो पाकीट फोडायचा, खेद झालाय का तेवढं बघायचा आणि कागद दाराजवळच्या तारेत ओवून ठेवायचा.

आई, हरणाबाई, विचारायची, "काय म्हणत्यात रं?"

"खेद झालाय त्यास्नी."

"मग माणसं बरी दिसत्यात," ती म्हणायची. आपल्या पोरासाठी मुंबईत बसून कुणाला खेद होतो, ही गोष्ट तिला लहान वाटत नव्हती.

अकराच्या अकरा कंपन्या औषधांच्या होत्या. उस्मानाबादच्या कॉलेजात त्याच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की बँकेला वशिला लागतो, औषध कंपनीला फक्त केमिस्ट्री लागते. सर स्वतः कधी औषध कंपनीत गेले नव्हते, त्यामुळं त्यांचं मत ठाम होतं. नोकरी एम.आर.ची. म्हणजे टाय बांधायचा, काळी बॅग घ्यायची आणि दवाखान्या-दवाखान्यातून डॉक्टरांना भेटून आपल्या कंपनीचं औषध कसं चांगलं ते सांगायचं. मच्छिंद्रचा बाप पिराजी साखर कारखान्यात गव्हाणीवर होता. गाडीतून पडलेला ऊस यंत्राच्या तोंडाकडं सरकवायचा. तो तिथल्या लोकांना सांगायचा, "डाक्टरला औषध शिकवायची नोकरी हाय पोराची. अजून लागली न्हाय, पण हाय."

बोलायला तो असं बोलायचा, पण आतून त्यानं दुसरी तयारी करून ठेवली होती. कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब एकदा गव्हाणीवर आले असताना त्यानं त्यांचे पाय धरले होते आणि आण्णासाहेबांनी पाय सोडवून घेण्यासाठी शब्द दिला होता: दसऱ्याला हंगाम सुरू झाला की पोराला स्लिपबॉय म्हणून घेऊ. स्लिपबॉय म्हणजे उसाच्या गाड्यांना चिठ्ठ्या देणारा. कारखान्यात त्या वेळी सात स्लिपबॉय होते. त्यांतल्या दोघांना नातवंडं होती आणि एकाला दिसत नव्हतं. त्या जागेवर चिकटलेला माणूस म्हातारा होई, पण बॉयच राही. मच्छिंद्रनं हे गेटवर उभं राहून नीट बघितलं होतं. त्याला दसऱ्याची भीती वाटायला पाहिजे होती. ती वाटत नव्हती, एवढंच त्याला अधूनमधून खटकायचं.

एक्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला बारावी जाहिरात आली. मुंबईची कंपनी, जागा एक, भाग उस्मानाबाद जिल्हा, मुलाखती उस्मानाबादच्याच विश्रामगृहावर सत्तावीस मेला. वय पंचवीस पूर्ण झालेलं नसावं. मच्छिंद्रची शाळेतली जन्मतारीख एक जून होती, म्हणजे पंचवीस पूर्ण व्हायला मुलाखतीनंतर पाच दिवस उरत होते. बाकीच्या कंपन्यांचीही अट हीच असायची. तेव्हा ही शेवटची. पुढं सरळ दसराच.

जाहिरातीत खाली एक ओळ होती: "इतर उमेदवारांपेक्षा आपण वेगळे कसे आहात, ते दहा ओळींत लिहावे."

मच्छिंद्र त्या ओळीपुढं दोन दिवस बसून राहिला. लहानपणापासून घरात, शाळेत, समाजमंदिरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याला एकच गोष्ट शिकवली गेली होती की तू कुणापेक्षा वेगळा नाहीस. ती पटवून घ्यायला पंधरा वर्षं लागली होती. आता मुंबईची कंपनी म्हणत होती, वेगळा असशील तरच ये.

तिसऱ्या दिवशी तो उठला आणि माणिकप्पांकडं गेला.

माणिकप्पा हे कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणारे अर्जनवीस. म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. मूळचे उमरग्याकडचे. कपाळाला भस्म, गुडघ्यापुढं लोखंडी पेटी, पेटीवर टाइपरायटर. घरात कानडी, निजामाच्या वेळी कचेरीत उर्दू, पुढं मराठी आणि आता इंग्रजी, असा त्यांचा प्रवास झाला होता. चारही भाषांत ते एकच वाक्य लिहायचे: गरिबावर दया व्हावी. विहिरीचा अर्ज असो, पेन्शनचा असो की बंदुकीच्या लायसनचा, माणिकप्पांच्या अर्जात गरिबावर दया झाल्याशिवाय बंदूक मिळत नसे.

"काय रं वाघमारे," ते म्हणाले, "कुणाला खेद झाला?"

"झालाय, आप्पा. पण ह्ये नवीन हाय."

माणिकप्पांनी जाहिरात वाचली. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला.

"वेगळे कसे? असलं कदी कुणी इचारलं न्हवतं बग. सरकार उलटं इचारतं. तुमी त्यातलेच हाव का, म्हणून दाखला मागतं."

"तेच तर. म्या दोन दिस बसलो. काय बी सुचंना."

"मार्क?"

"सेकंड क्लास."

"उंची?"

"मध्यम."

"जन्मतारीख?"

"एक जून."

"ती माझ्या दोन्ही पोरांची हाय, आन ते काय जुळे न्हाईत," माणिकप्पा म्हणाले. गुरुजींनी जिल्ह्यातल्या पोरांना शाळेत घालताना जी तारीख सोयीची ती दिली होती, त्याला ते तरी काय करणार? थोडा विचार करून त्यांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं. "हे बग. अर्जात दुःख लागतं. दुःखाबिगर सायेब कागदाकडं खाली बगत न्हाय. तुज्या घरात काय झालंय का? जळीत, पूर, मयत?"

"दुष्काळात बहीण गेली."

"कोंची?"

"धाकटी. गजरा."

माणिकप्पांनी मशीनला कागद लावला. "सांग."

मच्छिंद्रनं सांगितलं. नऊ वर्षांत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं सगळं घर येडशीच्या रस्त्यावर खडी फोडायला होतं. तो सोळाचा, गजरा सात वर्षांची. तिला हातोडा उचलत नव्हता, म्हणून ती माणसांना पाणी पाजायची. डबक्यातलं पाणी, कळशीतून, प्रत्येक ढिगापाशी. एका बुधवारी तिला ढाळ लागले. बापानं खांद्यावर टाकून दवाखान्यात नेली. कंपाउंडर म्हणाला, औषध संपलंय, सोमवारी येतंय. सोमवारी औषध आलं. गजरा शनिवारीच गेली होती. शनिवारी आईची हजेरी लागली, कारण मुकादम भला माणूस होता.

हे सगळं त्यानं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माणिकप्पा मात्र टाइप करता करता रडत होते. एका हातानं डोळे पुसायचे आणि दुसऱ्यानं बटणं दाबायचे. औषधाअभावी बहीण गेली, म्हणून उमेदवारानं आपलं आयुष्य औषधाला वाहिलं आहे, असा त्यांनी शेवट केला. दहा ओळी भरल्या. गरिबावर दया आलीच.

"तीस वर्षांत असला अर्ज झाला न्हाय माज्या हातनं," ते म्हणाले आणि कागद ओढून काढला. खाली कार्बन होता, कार्बनखाली प्रत होती. एक साहेबाला, एक आपल्याला, ही त्यांची पद्धत. आपली प्रत त्यांनी पेटीत ठेवली.

सत्तावीस मेला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चौतीस जण होते. जेवढे अर्ज आले तेवढ्यांना बोलावलं होतं. मुंबईच्या कारकुनानं जोडलेले दाखले मोजले होते, अर्ज वाचायचं काम साहेबांचं होतं आणि साहेब ते इथं टेबलावरच पहिल्यांदा वाचणार होते. दोन साहेब होते. एक मोठे, एक चष्मेवाले. ऊन असं की व्हरांड्यातली फरशी बुटातून लागत होती. ज्यांना बूट होते त्यांना.

नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं पुकारत होते. वाघमारे सगळ्यांत शेवटी. त्याच्या आधी मल्लिनाथ तुगावे, उमरग्याचा, हायवेवरच्या टायरवाल्याचा मुलगा. गळ्यात टाय होता आणि तो टाय त्याला अजून ओळखत नव्हता. दोघं बाकाच्या टोकाला बसून राहिले. मल्लिनाथ डोळे मिटून काहीतरी पाठ करत होता. मच्छिंद्र ऐकत नव्हता, पण एक शब्द कानावर आला आणि पुढचे आपोआप आले.

"...येडशीच्या रस्त्यावर... सात वर्षांची... सोमवारी औषध आलं..."

"काय म्हणायलाव?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दहा ओळी. पाठ असलेल्या बऱ्या. आत इचारतेत म्हणं."

"तुमची बहीण गेली का?"

"अहो, मला बहीणच न्हाय. आमी चौघं भाऊ. आईनं लई नवस केले बहिणीसाठी." मल्लिनाथ जवळ सरकला. "माणिकप्पानं लिवून दिलं. आमच्याकडचंच माणूस हाय ते. काय लिवलंय! आमच्या वडलांस्नी वाचून दाखवलं, तर दुकानात टायर सोडून रडत बसले. म्हणले, आपली असती तर अशीच असती."

"नाव काय लिवलंय तिचं?"

"गजरा. का हो?"

"काय न्हाय."

"तुमच्यात काय लिवलंय?"

"तेच."

"मग झालं!" मल्लिनाथला धीर आल्यासारखा झाला.

मच्छिंद्रनं आपल्या छातीत काय होतंय ते बघितलं. काही होत नव्हतं. तो उठला, रांजणातलं पाणी प्याला आणि परत येऊन बसला.

दुपार चढत गेली तशा आतल्या बातम्या बाहेर येऊ लागल्या. पहिल्या उमेदवाराला साहेबांनी दहा ओळी वाचून झाल्यावर पाणी दिलं होतं. दुसऱ्याच्या वेळी ते एकमेकांकडं बघत राहिले. तिसऱ्याला चष्मेवाल्यांनी विचारलं, मघाशी गेला तो तुमचा भाऊ का? चौथ्यापासून सगळा उलगडा झाला. पण उमेदवारही काही कच्चे नव्हते. पाचव्यानं सांगितलं की गजरा खरी माझीच, बाकीच्यांनी चोरली. तुळजापूरच्या एकानं भवानीची शपथ घेतली. परंड्याचा एक जण तिचा मळवट भरल्याचं सांगून मोकळा झाला. सात वर्षांच्या पोरीचा मळवट कसा, हे विचारल्यावर तो म्हणाला की आमच्याकडं लग्नं लवकर होतात. चौतिसातले तिघं स्वतःच अर्ज लिहून आले होते आणि त्यांना बहीण नव्हती. त्यांना साहेबांनी दोन-दोन मिनिटांत सोडलं. त्यांच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

चार वाजता मल्लिनाथ आत गेला आणि वीस मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आला.

"काय झालं?"

"मलाबी भरून आलं हो." टाय सोडवत तो बाकावर बसला. "ठरवून न्हाय. आत गेलो, बोलाय लागलो आन खरंच रडू आलं. सायेब हसायलेत. मोठा सायेब म्हणला, बस बस, अश्रू उत्तम आहेत. मग पट्टेवाल्याला म्हणला, अजून किती गजरा राहिल्यात? पट्टेवाला म्हणला, एकच."

"तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणणार? म्हणलं माझी खरी, बाकीच्यांनी चोरली. सगळे तेच म्हणायलेत आत. तुमीबी तेच म्हणा. दुसरं काय हाय म्हणायला?"

मच्छिंद्रनं विचार केला. दुसरं काही नव्हतं. आत जाऊन खरं सांगायचं तर ते तीस वेळा सांगून झालं होतं, कुणी शपथेवर, कुणी रडून. त्याला रडू येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. म्हणजे तीस खोट्यांपेक्षा खरा फिका पडणार होता. आणि नाही पडला तरी, गजराबद्दल आता जे जे तो बोलेल त्यावर साहेबांना हसू येणार होतं. पट्टेवाल्यानं नाव पुकारलं.

आत पंखा होता. मोठे साहेब कोट काढून बसले होते. टेबलावर अर्जांचा गठ्ठा आणि चहाचे सात-आठ रिकामे कप होते.

"वाघमारे," मोठे साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले. "बसा. तुमची गजरा सांगा. थोडक्यात सांगा, आम्हाला सोलापूरला गाडी पकडायचीय."

"माझी नाही, सर."

साहेबांनी मान वर केली. "काय?"

"ही गोष्ट माझी नाही. अर्जनवीसानं लिहून दिली. मी सही केली."

चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला बहीण नव्हती?"

पंख्याचं एक पातं प्रत्येक फेरीला कशाला तरी घासत होतं. मच्छिंद्रनं तीन फेऱ्या ऐकल्या.

"नव्हती," तो म्हणाला.

मोठे साहेब खुर्चीत मागं रेलले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान आलं. "तीस, मिस्टर वाघमारे. तीस माणसांनी आज या खोलीत आईची शपथ घेतली. तुम्ही एकटे निघालात." ते चष्मेवाल्यांकडं वळले. "सापडला की नाही एक?" मग परत मच्छिंद्रला, "बरं, मग तुम्ही इतरांपेक्षा वेगळे कसे? आता स्वतःच्या शब्दांत सांगा."

"वेगळा नाही, सर."

हेही त्यांना फार आवडलं. नम्रपणा, असं त्यांनी कागदावर लिहिलं. मच्छिंद्रला ते उलटं वाचता आलं.

मग चष्मेवाल्यांनी बॅगेतून चांदीच्या कागदाची एक पुडी काढून त्याच्यापुढं ठेवली. ते शिकलेले डॉक्टर होते, असं नंतर कळलं. कंपनीचं हे नवं औषध होतं. जुलाब झालेल्या मुलांना पाण्यातून द्यायचं, मीठ-साखरेचं. "मी खेड्यातला डॉक्टर आहे," ते म्हणाले. "माझ्याकडं वेळ नाही. मला ही पुडी विका."

मच्छिंद्रनं पुडी हातात घेतली. हलकी होती.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "मूल आधी पाणी मागतं. सारखं मागतं. मग मागायचं थांबतं. तेव्हा आईला वाटतं की आता उतार पडला, पोर शांत झाली. चूक तिथंच होते. डोळे आत जायला लागतात. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन बसत नाही, उभीच राहते. रडते, पण डोळ्यांत पाणी येत नाही. नंतर रडायचंही थांबते. हातपाय गार लागतात, आणि लोक म्हणतात, ताप उतरला. आई तुमच्याकडं येते ती बहुतेक या वेळेला. तिला आधी यायला सांगा. आल्या आल्या ही पुडी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक. वाटीनं एकदम पाजू नका, ओकून टाकेल. चमच्यानं. एक चमचा, मग थांबायचं, मग एक चमचा. रात्रभर बसावं लागतं. पण सोमवारची वाट बघावी लागत नाही."

चष्मेवाल्यांनी पुडी परत घेतली, पण बॅगेत टाकली नाही.

"कातडीचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पुस्तकात आहे, सर."

"कुठल्या?"

"कॉलेजच्या लायब्ररीत होतं. नाव लक्षात नाही."

"चांगलं पुस्तक होतं," चष्मेवाले म्हणाले. "सोमवार कसला?"

"असंच, सर. खेड्यात औषध सोमवारी येतं."

मोठे साहेब उठले. त्यांनी टेबलावरून हात पुढं केला. "अभ्यास आणि प्रामाणिकपणा," ते म्हणाले. "बाकी आम्ही शिकवू."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन आला. पाकीट जाड होतं. खेदाला एवढे कागद लागत नाहीत. नेमणुकीच्या पत्राखाली मोठ्या साहेबांनी शाईनं स्वतः एक ओळ लिहिली होती की खरं बोलणारी माणसं दुर्मिळ झाली आहेत आणि कंपनीला आपला अभिमान वाटेल. हंगाम संपला होता, तरी पिराजीनं ते पत्र कारखान्यात नेऊन दुरुस्तीवरच्या अख्ख्या पाळीला दाखवलं. वाचता कुणालाच आलं नाही, पण कागद चांगला होता यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मच्छिंद्र पेढे घेऊन माणिकप्पांकडं गेला. भांडायला जावं असं त्याला वाटत होतं, म्हणजे वाटायला पाहिजे असं वाटत होतं. लिंबाखाली गर्दी होती. माणिकप्पांनी त्याला बघितलं आणि हातातलं काम सोडून ते उभे राहिले.

"लागली?"

"लागली, आप्पा."

"म्या म्हणलो न्हवतो?" त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. मग आवाज खाली आणला. "तुजा राग असंल. आसू दे. पर खरं सांगू का, पोरं याय लागली. गरिबाची पोरं. वेगळे कसे, वेगळे कसे म्हणून रडकुंडीला आलेली. काय वेगळे असत्यात ती? घरात काय झालंय का इचारलं, तर कुणाच्या घरात काय झालेलंच न्हाय. मग पेटीतनं तुजा कागद काडला. पहिल्यांदा नाव बदललं. एकाला कमळ टाइप केलं, एकाला इमल. पर जीव येईना बग त्यात. गजरा म्हणलं की हात चालायचा. मग ते दोन्ही फाडले आन सगळ्यास्नी गजराच ठेवली."

"व्हय."

"तुला तर लागली न्हवं? पोरीनं काम केलं तुजं."

मच्छिंद्रनं पेढ्यांचा पुडा पुढं केला. शेजारच्या दोघातिघांनी पेढे घेतले.

माणिकप्पांनी जरा घुटमळून विचारलं, "पुढल्या महिन्यात रेल्वेची भरती हाय. त्यात इचारलं न्हाय वेगळे कसे म्हणून, पर घातलं तर काय बिघडतंय. वापरू का?"

"वापरा," मच्छिंद्र म्हणाला.

नेमणुकीबरोबर एक फॉर्म आला होता, विम्याचा. तो उलट टपाली भरून पाठवायचा होता. मच्छिंद्र दुपारी दारात चटई टाकून बसला. हरणाबाई शेजारी तूर निवडत होती. बाहेर पाऊस नव्हता. आभाळ यायचं, थांबायचं आणि कुठंतरी निघून जायचं.

"काय काय लिवायचं असतं त्यात?" हरणाबाईनं विचारलं.

"सगळं. बापाचं नाव, आईचं नाव, कोण काय करतं."

"माजं लिवलं?"

"लिवलं की."

"कुटं?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं. हरणाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं. बरं लांब होतं. मग त्यानं पिराजीचं दाखवलं. तेही तिनं बोटानं तपासलं.

त्याच्या खालचा रकाना होता, भावंडांचा. हयात किंवा मयत, नाव आणि वय. मयत असल्यास कारण. मच्छिंद्रनं पेन उचललं. हा फॉर्म मुंबईला मोठ्या साहेबांच्या टेबलावरून पुढं जाणार होता. पत्रातच तसं लिहिलं होतं. चष्मेवाल्यांची त्यावर वैद्यकीय सही होणार होती. पेनातली शाई निबाच्या टोकाशी येऊन थांबली. मग त्यानं तीन अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लिहिला, जो कचेरीतले कारकून काहीच नसलं की लिहितात, आणि तो वाळायची वाट बघत बसला.

हरणाबाई सूप खाली ठेवून वाकली. आईबापांच्या खाली पोरांचं असणार, एवढं तिला कागद न वाचताही कळत होतं.

"ही गजरी का?" तिनं विचारलं.

मच्छिंद्रनं कागदाकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.

तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. बोटाखाली तो पुरता झाकला गेला, तेव्हा तिनं बोट उचलून परत एकदा बघितला.

"लई बारकं लिवलंस."

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"बारकीच व्हती की," हरणाबाई स्वतःशीच म्हणाली आणि तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.